डब्लिनमधील मंगळवारची रात्र : रग्बी संघातील मद्यपान, शिस्त आणि माध्यमांची टीका

प्रश्न : ब्रिस्बेनकर

मी गेली बारा वर्षे ब्रिस्बेनमध्ये राहतो. माझा मुलगा इथल्या एका रग्बी क्लबच्या एकोणीस वर्षांखालील संघात खेळतो. दौऱ्यावरील वर्तनाचे नियम नव्याने लिहून काढण्याचे काम क्लबच्या समितीने यंदा माझ्यावर सोपवले आहे. प्रवास, गणवेश आणि सामान यांचे नियम एका संध्याकाळी लिहून झाले. मद्यपानाच्या परिच्छेदापाशी मात्र मी तीन आठवडे अडून बसलो आहे. संघातील काही मुलांनी अठरा वर्षे पूर्ण केली आहेत, म्हणजे इथल्या कायद्याने ती दारू विकत घेऊ शकतात, आणि काहींनी केलेली नाहीत. बैठकीत हा विषय निघाला की कोणी ना कोणी २०१३ मधील डब्लिनचे उदाहरण काढतो, आणि तिथून चर्चा अशी पेटते की नियम लिहिण्याचे काम बाजूलाच राहते.

ज्यांना ते प्रकरण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय संघ, म्हणजे वॉलबीज, नोव्हेंबर २०१३ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर होता. प्रशिक्षक युएन मॅकेन्झी यांनी जुलैमध्येच रॉबी डीन्स यांच्याकडून सूत्रे घेतली होती. १६ नोव्हेंबरला डब्लिनमध्ये आयर्लंडविरुद्ध कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना, होती आणि त्याआधीच्या मंगळवारी रात्री संघातील बरेच खेळाडू बाहेर पडून उशिरापर्यंत पीत बसले. शनिवारी ऑस्ट्रेलियाने सामना ३२-१५ असा सहज जिंकला. त्यानंतर संघ व्यवस्थापनाने एकूण १५ खेळाडूंवर कारवाई जाहीर केली. अॅडम अॅशली-कूपर, बेन रॉबिन्सन, निक फिप्स, माइक हॅरिस, लियम गिल आणि पॅडी रायन या सहा जणांना स्कॉटलंडविरुद्धच्या पुढच्या कसोटीतून वगळण्यात आले आणि उरलेल्या नऊ जणांना समज देण्यात आली. कोणी मारामारी केली, कोणाला पोलिसांनी हटकले किंवा कोणा स्त्रीची छेड काढली, असा एकही आरोप नव्हता. कसोटीच्या आठवड्यात इतके पिणे आणि इतक्या उशिरापर्यंत बाहेर राहणे या पातळीवरच्या खेळाडूला शोभत नाही, एवढाच व्यवस्थापनाचा आक्षेप होता.

त्या वेळी इथल्या वृत्तपत्रांत आणि क्रीडावाहिन्यांवर दोन परस्परविरोधी सूर उमटले. अखेर कोणीतरी लगाम खेचला, असे एक बाजू म्हणत होती. सामना जिंकून देणाऱ्या प्रौढ माणसांना शाळकरी मुलांसारखे वागवून जगापुढे उभे केले, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. माझे मन आजही या दोहोंच्या मध्ये अडकले आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्याल्यांची संख्या किंवा परतण्याची वेळ असे निश्चित माप पुढे न ठेवता, ‘शोभत नाही’ एवढ्या आधारावर दिलेली शिक्षा न्याय्य ठरते का? आणि माध्यमांनी त्या प्रकरणात जे प्रश्न विचारले, ते खरोखर विचारायला हवे होते तेच होते का?

उत्तर १ : खडकीचा प्रॉप

मी पुण्यात अनेक वर्षे प्रॉप म्हणून, म्हणजे पहिल्या ओळीत उभे राहून समोरच्यांना रेटणारा गडी म्हणून, खेळलो, तेव्हा माझे म्हणणे मैदानाच्या बाजूनेच असणार, हे आधीच सांगतो. मॅकेन्झी स्वतः प्रॉप होते, १९९१ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होते आणि तुमच्याच ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड रेड्सना त्यांनी २०११ मध्ये सुपर रग्बी या क्लबांच्या स्पर्धेचे विजेतेपद मिळवून दिले होते. या खेळातले मद्यपान त्यांना बाहेरून पाहून कळलेले नव्हते.

कसोटीच्या आठवड्याची घडण लक्षात घेतली तर मंगळवारच्या रात्रीचे महत्त्व कळते. शनिवारी सामना असला की सोमवारी मार खाल्लेले अंग सैल केले जाते, मंगळवारी आठवड्यातील सर्वांत जड सराव होतो, म्हणजे टॅकल (चेंडू घेतलेल्याला पाडणे), रक (जमिनीवरच्या चेंडूसाठी झटापट) आणि स्क्रम (दोन्ही संघांनी एकमेकांत अडकून रेटणे) पूर्ण जोराने, आणि बुधवारी बहुधा विश्रांती असते. बुधवार मोकळा असल्यामुळे मंगळवारी रात्री बाहेर पडण्याची प्रथा अनेक संघांत जुनी आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. जड सरावानंतरच्या रात्री शरीर फाटलेले स्नायू सांधत असते आणि गेलेले पाणी भरून काढत असते. दारू या दोन्ही कामांत अडथळा आणते. झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक आणि उथळ असते. शिवाय त्या दिवशीच्या सरावात कोणाच्या डोक्याला मार बसला असेल, तर गरगरणे आणि मळमळणे ही मेंदूच्या इजेची लक्षणे दारूच्या नशेत ओळखूच येत नाहीत. शेजारच्या गड्यावर विश्वास ठेवून मान स्क्रममध्ये घालायची असते. तो गडी पुरता सावरलेला नसेल, तर धोका त्याच्या एकट्याच्या मानेला नसतो. त्यामुळे ‘जिंकले ना, मग बिघडले काय’ हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही.

तरीही ब्रिस्बेनकर यांच्या पहिल्या प्रश्नाला मी सरळ ‘हो’ म्हणणार नाही. ऑगस्ट २००४ मध्ये न्यूझीलंडचा संघ जोहान्सबर्गला एलिस पार्कवर दक्षिण आफ्रिकेकडून ४०-२६ असा हरला आणि त्या रात्री खेळाडूंनी जे बेसुमार मद्यपान केले, ते पाहून प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री आणि त्यांचे साहाय्यक वेन स्मिथ हादरले. हे असेच चालणार असेल तर मी राहणार नाही, असे स्मिथ यांनी सांगितले. त्यानंतर त्या दोघांनी नुसती शिक्षांची यादी केली नाही, तर ज्येष्ठ खेळाडूंचा एक गट उभा करून संघ कसा वागेल हे ठरवण्याची जबाबदारी त्या गटाकडेही सोपवली. पुढे २०११ च्या विश्वचषकात वेल्सच्या तरुण संघाने, सॅम वॉरबर्टन कर्णधार असताना, दारूला स्पर्धा संपेपर्यंत हात न लावण्याचे आपण होऊन ठरवले आणि तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथे वॉरबर्टनला लाल कार्ड मिळाल्यावर तासभर चौदा जणांनी खेळून ते फ्रान्सकडून अवघ्या एका गुणाने, ९-८ असे, हरले. डब्लिनमधील शिक्षा मला योग्य वाटते. पण तिच्यामागचा नियम खेळाडूंच्या तोंडून आलेला असता, तर पंधरा जणांवर ती वेळच आली नसती, असे माझे मत आहे.

उत्तर २ : सरळरेषा

माझे सारे आयुष्य मुंबई परिसरातील कारखान्यांत कामगार अधिकारी म्हणून खातेनिहाय चौकश्या हाताळण्यात गेले. रग्बी मी पाहतो तो केवळ प्रेक्षक म्हणून. शिस्तभंगाची कारवाई मात्र मला जवळून ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

आपल्याकडील आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यांतील सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, मद्यधुंद वर्तन हे गैरवर्तन म्हणून नोंदलेले आहे, परंतु ‘आस्थापनेच्या आवारात’ ही मर्यादा त्याला जोडलेली आहे. ती मर्यादा कोणी उगाच घातलेली नाही. कामगाराला आपण नेमके काय केले म्हणजे शिक्षा होईल हे आधी कळले पाहिजे, आरोप त्याच्या हाती लेखी पडला पाहिजे, त्याचा खुलासा ऐकला गेला पाहिजे आणि सारख्या गैरवर्तनाला सारखी शिक्षा झाली पाहिजे, ही तत्त्वे त्यामागे आहेत. दौऱ्यावरील खेळाडूच्या बाबतीत आवार कुठे संपते, हा प्रश्न खरोखर अवघड आहे, कारण सहा आठवडे तो संघाच्या हॉटेलात राहतो आणि संघाच्या घड्याळाने जेवतो. आवाराची रेषा आखता येत नसेल, तर तिच्या जागी वेळेची रेषा आखली पाहिजे : सामन्याआधी इतके दिवस नाही, रात्री इतक्या वाजल्यानंतर नाही. माप पुढे न ठेवता ‘अशोभनीय’ हा शब्द वापरला, की शिक्षा देणाऱ्याचा त्या दिवशीचा कल हाच नियम होऊन बसतो.

सारख्या कृत्याला असमान शिक्षा झाल्याचे रग्बीतील सर्वांत ठळक उदाहरण १९८८ चे आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी खेळतात, तो कलकत्ता चषक आपल्या देशात घडला आहे. कलकत्त्यातील इंग्रजांनी १८७३ मध्ये स्थापन केलेला रग्बी क्लब काही वर्षांतच बंद पडला, तेव्हा बँकेत उरलेले २७० चांदीचे रुपये वितळवून हा चषक बनवला गेला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेकडे सोपवला गेला. नागाच्या आकाराचे तीन कान आणि झाकणावर हत्ती, असे त्याचे रूप आहे. (क्लबची सदस्यसंख्या रोडावण्यामागे पोलो आणि टेनिसची ओढ तर होतीच, पण फुकट मिळणारी दारू बंद झाली हेही एक कारण सांगितले जाते, दारूचा आणि या खेळाचा संबंध इतका जुना आहे.) १९८८ मध्ये एडिंबरातील सामन्यानंतर रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री या दोघांनी नशेत तो चषक बाहेर नेला आणि प्रिन्सेस स्ट्रीटवर त्याचा चेंडू केला. चषक चेपला. कृत्य एक, रात्र एक, वस्तू एक. पण जेफ्रीला त्याच्या संघटनेने सहा महिने खेळण्यास बंदी घातली आणि रिचर्ड्स एका सामन्याच्या बंदीवर सुटला. दोघांपुढे लिखित नियम नव्हता, म्हणूनच दोन संघटनांच्या दोन मनःस्थितींनी दोन निकाल दिले.

अपील ही गोष्टही महत्त्वाची आहे. २०११ च्या विश्वचषकात इंग्लंडचा माइक टिंडल क्वीन्सटाउनच्या एका पबमध्ये पिऊन वागला त्या प्रकरणी, आणि त्या रात्रीविषयी त्याने दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दलही, त्याला नोव्हेंबरमध्ये २५,००० पौंडांचा दंड झाला आणि निवडक खेळाडूंच्या राष्ट्रीय गटातून त्याचे नाव काढण्यात आले. त्याने अपील केल्यावर दंड १५,००० पौंडांवर आला आणि नाव परत घेण्यात आले. पहिला निकाल दिला तेव्हा वृत्तपत्रे संघावर तुटून पडली होती आणि अपिलाच्या वेळी तो गदारोळ ओसरू लागला होता. शिक्षेच्या आकड्यावर मथळ्यांचे वजन पडले असे मी सिद्ध करू शकत नाही, परंतु इतक्या वर्षांच्या अनुभवामुळे ती शंका माझ्या मनातून जात नाही.

उत्तर ३ : जुना उपसंपादक

दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून मी लिहितो. मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडापानावर बरीच वर्षे काम केले आहे आणि मद्यपानाची बातमी कशी तयार होते, हे मी आतून पाहिले आहे. पुष्कळदा ती छायाचित्रापासून सुरू होते, आणि छायाचित्रात संदर्भ नसतो.

मार्च २००८ मधील डॅनी सिप्रियानीचे प्रकरण घ्या. वीस वर्षांचा हा मुलगा स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून पहिल्यांदाच सुरुवातीच्या पंधरा जणांत उतरणार होता. गुरुवारी मध्यरात्रीनंतर लंडनच्या एका नाइटक्लबमधून बाहेर पडतानाचे त्याचे छायाचित्र छापून आले. मित्राला सामन्याची तिकिटे द्यायला गेलो होतो, असे त्याने सांगितले. तो प्यायला होता असे कोणी दाखवून दिलेले नव्हते, तरी प्रशिक्षक ब्रायन अॅश्टन यांनी अयोग्य वर्तनाचा ठपका ठेवून त्याला संघातून काढले. इंग्लंड तो सामना १५-९ असा हरला. पुढच्या आठवड्यात त्याच मुलाला आयर्लंडविरुद्ध फ्लाय-हाफच्या, म्हणजे डाव रचणाऱ्या खेळाडूच्या, जागी खेळवले आणि इंग्लंड ३३-१० असा जिंकला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. दोन आठवड्यांच्या त्या बातम्या सलग वाचल्या तर ध्यानात येते की शिस्तीचा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. मथळा फक्त निकालाच्या मागे चालत होता.

न्यूझीलंडमध्ये २०११ च्या विश्वचषकात याच्या उलट घडले. अर्जेंटिनाविरुद्धच्या उपउपांत्य सामन्याच्या आठवड्यात कोरी जेन आणि इझ्राएल डॅग ऑकलंडच्या टाकापुना भागातील एका बारमध्ये रात्री पिताना लोकांना दिसले. डॅग दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हता. जेन मात्र खेळणार होता. बातमी फुटली, देशभर संताप झाला, दोघांनी सहकाऱ्यांची माफी मागितली, पण कोणालाही वगळले नाही. जेन खेळला, संघ ३३-१० असा जिंकला, आणि दोघेही पुढे २३ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात होते, जो न्यूझीलंडने फ्रान्सविरुद्ध ८-७ असा जिंकला. त्या एका गुणाने चषक मिळाला आणि टाकापुनाची रात्र स्मरणातून पुसली गेली. तो गुण दुसऱ्या बाजूला गेला असता, तर तिच्यावर आजही अग्रलेख निघाले असते.

डब्लिनचेही तसेच झाले. वॉलबीजनी त्यानंतर स्कॉटलंडला २१-१५ आणि वेल्सला ३०-२६ असे हरवले आणि टीका विझली. टीकाकारांना उत्तर मिळाले म्हणून ती विझली नाही, तर संघ जिंकत राहिला म्हणून विझली. मॅकेन्झी यांनी कारवाई केली तेव्हा ऑस्ट्रेलियाची रग्बी संघटना वर्षभराच्या लाजिरवाण्या घटनांनी पोळलेली होती. मार्चमध्ये वॉलबीजच्या कर्टली बीलने दर्बानमध्ये मेलबर्न रेबेल्स या आपल्या क्लबच्या सहकाऱ्यांवरच हात उगारला होता, जूनमध्ये ब्रिटिश-आयरिश लायन्स या संयुक्त संघाविरुद्धच्या मालिकेच्या ऐन मध्यात तो आणि त्याचा सहकारी जेम्स ओ’कॉनर पहाटे चारच्या सुमारास बर्गरच्या दुकानात छायाचित्रात सापडले होते, आणि पर्थच्या विमानतळावरील प्रसंगानंतर ओ’कॉनरचा करार ऑक्टोबरमध्ये संपवण्यात आला होता. या क्रमात डब्लिनची शिक्षा ठेवून पाहिली असती, तर प्रश्न ‘सहा जणांना वगळणे जास्त झाले का’ हा राहिला नसता. सहा आणि नऊ ही विभागणी कोणत्या निकषावर झाली, हा प्रश्न विचारला गेला असता. तो विचारणे हे पत्रकाराचे खरे काम होते, आणि त्याला सविस्तर उत्तर मिळवल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणखी एक गोष्ट मला बोचते. न्यूझीलंडच्या संघाच्या मागे १९८६ पासून स्टाइनलागर ही बिअर प्रायोजक म्हणून उभी राहिली. युरोपातील क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा हायनेकन या बिअरच्या नावानेच जवळजवळ दोन दशके खेळली गेली. फ्रान्समध्ये १९९१ च्या कायद्याने खेळातील दारूच्या जाहिरातीला बंदी असल्यामुळे तिला तिथे नुसते ‘एच कप’ म्हणावे लागे. खेळाडूने बाटली हातात धरून जाहिरातीसाठी हसायचे आणि त्याच आठवड्यात ती उघडली तर त्याचे नाव यादीत छापून यायचे, ही विसंगती क्रीडापानांनी क्वचितच दाखवली, कारण त्याच पानाच्या तळाशी ती जाहिरात असे. माझ्या डेस्कवरही हा प्रश्न आम्ही कधी नेटाने लावून धरला नाही आणि त्याची मला खंत आहे.

उत्तर ४ : वेलिंग्टनवासी

वरील तिघांचे वाचून एक महत्त्वाची उणीव जाणवते. तुम्ही सर्व जण मद्यपानाला केवळ शिस्तीच्या खात्यात मांडत आहात. मी वेलिंग्टनमध्ये परिचारिका म्हणून काम करते आणि माझ्या कामाचा बराच भाग व्यसनाधीन तरुणांशी येतो.

२०११ मध्येच झॅक गिल्डफर्ड हा आमच्या न्यूझीलंड संघातील तरुण विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू) विश्वचषकाच्या काळात मद्यपानामुळे चर्चेत आला आणि स्पर्धा संपल्यावर रारोटोंगा बेटावर नशेत, रक्तबंबाळ आणि विवस्त्र अवस्थेत एका बारमध्ये शिरून त्याने दोन माणसांवर हात टाकला. वृत्तपत्रांनी ‘विवस्त्र’ हा शब्द किती वेळा छापला याची गणती नाही. या मुलाचे वडील २००९ मध्ये टोकियोतील वीस वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर तिथेच कोसळून मरण पावले होते, त्याच्या विजयाच्या दिवशी. हे सांगून मी त्याने इतरांना दिलेला त्रास झाकत नाही; मार खाल्लेल्या माणसांचा न्याय पहिला. परंतु दुःख दारूत बुडवणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला आणि विश्रांतीच्या आदल्या रात्री मित्रांबरोबर चार प्याले जास्त पिणाऱ्या ज्येष्ठ खेळाडूला एकाच कलमाखाली बसवले, तर पहिल्याचा आजार सापडतच नाही. गिल्डफर्डच्या प्रकरणात संघटनेने कारवाईबरोबर समुपदेशनही सक्तीचे केले, हे योग्य झाले. बीलच्या बाबतीतही २०१३ मध्ये उपचाराचा मार्ग घेतला गेला.

खडकीचे दादा खेळाडूंच्या ज्येष्ठ गटाविषयी जे म्हणतात, त्यालाही एक धोक्याची बाजू आहे. रग्बीमध्ये नवख्याला पाजण्याचे काम पुष्कळदा ज्येष्ठच करतात. दौऱ्यावर लुटुपुटीचे न्यायालय भरते, क्षुल्लक ‘गुन्ह्यां’साठी एका दमात प्याला रिकामा करण्याची शिक्षा होते आणि नकार देणारा संघाबाहेरचा ठरतो. ज्यांच्या हातात प्याला, त्यांच्याच हातात नियम दिला, तर एकोणीस वर्षांचा मुलगा ‘मला नको’ हे कोणाला सांगणार? ब्रिस्बेनकर, तुमच्या मसुद्यात इतर काही असो वा नसो, कोणीही कोणाला पिण्याचा आग्रह करणार नाही, हे वाक्य असलेच पाहिजे, आणि त्याच्या भंगाची शिक्षा स्वतः पिण्याच्या शिक्षेपेक्षा कडक असली पाहिजे.

उत्तर ५ : खडकीचा प्रॉप

ताई, तुमचा आक्षेप मान्य आहे. आमच्या काळी मी स्वतः नवीन मुलांना असा आग्रह केलेला आहे आणि तेव्हा मला तो प्रेमाचा भाग वाटे. ज्येष्ठांच्या गटाबद्दल मी लिहिले ते मागे घेत नाही, पण त्या गटात सर्वांत नवीन खेळाडूंपैकी एक तरी असला पाहिजे, ही दुरुस्ती त्यात घालतो.

सरळरेषा यांना एक विचारायचे आहे. तुम्ही वेळेची रेषा आखायला सांगता. मध्यरात्र ही मर्यादा ठेवली, तर पावणेबारापर्यंत तर्र होऊन वेळेत परतणारा मुलगा निर्दोष आणि दोन तास नुसता गप्पा मारत बसून साडेबाराला परतणारा दोषी, असे होणार नाही का? सिप्रियानीच्या बाबतीत घड्याळाने जो अन्याय केला, तोच आपण लेखी स्वरूपात आणू.

उत्तर ६ : सरळरेषा

होईल, आणि म्हणून वेळेच्या नियमाचा भंग आणि मद्यपानाच्या नियमाचा भंग ही दोन स्वतंत्र कलमे असावीत. उशिरा परतलेल्याला उशिराचीच शिक्षा व्हावी, त्याच्यावर दारूचा डाग लागू नये. सिप्रियानीवर ‘अयोग्य वर्तन’ असा मोघम ठपका ठेवण्याऐवजी ‘अमुक वाजता परतायचे होते, परतला नाही’ असे लिहिले गेले असते, तर त्याच्या कपाळी जे लागले ते लागले नसते. मोघम शब्दाचा दंड नेहमी दुबळ्या बाजूला बसतो, हे मी चौकशीच्या टेबलावर वारंवार पाहिले आहे.

नावे जाहीर करण्याचा मुद्दाही राहिला. राष्ट्रीय संघाच्या निवडीतून कोणाला वगळले हे लपवता येत नाही, त्यामुळे त्या सहा जणांची नावे बाहेर येणारच होती. समज मिळालेल्यांचे तसे नव्हते. समज ही सुधारण्यासाठी असते. ती चव्हाट्यावर आली की तिची शिक्षा होते, आणि शिक्षा व समज यांत फरक उरत नाही. इंग्लंडमध्ये २०११ च्या विश्वचषकानंतर खेळाडूंनी विश्वासाने, नाव न देण्याच्या अटीवर, मांडलेली मते वृत्तपत्रात जशीच्या तशी फुटली. त्यानंतर खरे बोलण्याची हिंमत पुढच्या संघातील कोणी का करावी?

उत्तर ७ : ब्रिस्बेनकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे अडलेला परिच्छेद काल रात्री लिहिला. सामन्याच्या आधीच्या तीन रात्री आणि जड सरावाच्या दिवशी मद्यपान नाही, ही मर्यादा त्यात आहे. अठरा वर्षांखालील खेळाडूंना दौऱ्यात कधीच नाही, आणि डोक्याला मार बसलेल्याला डॉक्टर सांगेपर्यंत नाही. परतण्याची वेळ वेगळ्या कलमात टाकली आहे. आग्रहाची शिक्षा पिण्याच्या दुप्पट ठेवली आहे. समज दिली गेली तर ती खेळाडू, प्रशिक्षक आणि समितीचा एक सदस्य यांच्यातच राहील, आणि मदत मागायला आपण होऊन आलेल्या खेळाडूवर त्या मागणीच्या आधारे कारवाई होणार नाही. दौऱ्यावर येणाऱ्या प्रौढांनाही, म्हणजे मलाही, हेच नियम लागू राहतील.

एक वाक्य मात्र समितीपुढे नेण्याआधी मी दोनदा खोडले आणि दोनदा परत लिहिले. आमच्या क्लबच्या जर्सीवर, बाहीच्या वर, एका स्थानिक बिअर विक्रेत्याचे नाव आहे आणि त्याच्या पैशांतून दौऱ्याच्या बसचे भाडे निघते. एकोणीस वर्षांखालील संघाच्या जर्सीवरून ते नाव काढावे, असे मी सुचवले आहे. भाड्याची तूट कशी भरून काढायची, याचा हिशेब घेऊन गुरुवारी बैठकीला जातो आहे.